खरा माथा

सासऱ्यांच्या वहीत चार रकाने होते: क्रमांक, टेकडी, उंची आणि खरा माथा. रेघा पट्टी लावून लाल पेनने मारलेल्या. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली होती. हाताने ओढलेली रेघ त्यांना चालत नसे.

हा छंद त्यांना इंग्लंडमध्ये लागला. नणंद तिथे एका खेड्यात राहते. सासूबाई गेल्यावर दोन उन्हाळे ते तिच्याकडे होते. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहायचे. ते मोठ्या डोंगरांच्या वाटेला जात नसत, फक्त छोट्या टेकड्या चढत. अशा टेकड्यांच्या याद्या असतात, आणि माथ्याला पाय लागल्याशिवाय नावापुढे खूण करायची नसते. अडचण एवढीच, की छोट्या टेकडीचा माथा सहज ओळखू येत नाही. तो सलगमच्या शेतात असतो, कुंपणात असतो, पाण्याच्या टाकीमागे असतो. एकदा तो एका बाईंच्या परसात, खताच्या ढिगाखाली निघाला. सासऱ्यांनी बेल वाजवून परवानगी मागितली, ढिगाला पाय लावला आणि वहीत लिहिलं: "माथा खताखाली. बाईंनी चहा दिला."

मग ते आमच्याकडे वाल्डॉर्फला आले आणि यादी जर्मनीत पुढे सुरू झाली. इथल्या टेकड्यांवर बहुधा एक मनोरा, एक बाक आणि उंचीची पाटी असते. लोक पाटीपाशी फोटो काढतात आणि उतरतात. सासरे पाटीकडे बघतही नसत. जीपीएस हातात धरून सरळ झाडीत शिरत. दहा वर्षांची माझी मुलगी मागून जर्मनमध्ये कुरकुरायची, की आजोबा, हा काही डोंगर नाही.

"नाहीच आहे. टेकाड आहे. पण टेकाडालाही टोक एकच असतं."

"पाटी तर तिकडे आहे!"

"पाटी लावणारा दमला, तिथे पाटी लागली." मग माझ्याकडे वळून, "तुझे पेपरवाले तिथूनच परत फिरले असते. पाटी बघून बातमी."

मी पुण्याच्या एका दैनिकात अकरा वर्षं काम केलं होतं. हा टोमणा प्रत्येक टेकडीवर एकदा ठरलेला असे.

त्या शरद ऋतूत ते बसने एकटेच टेकड्यांवर जाऊ लागले, आणि काही गोष्टी घडल्या. त्यांनी एकाच सकाळी दोनदा चहा मागितला. शर्ट उलटा घातला. नातीला आठवडाभर नणंदेच्या नावाने हाक मारली. नवरा म्हणाला, वय झालंय. मीही तेच म्हणाले.

नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी पाऊण वाजता मी जर्मनच्या वर्गाहून परतले तेव्हा घरात कोणी नव्हतं. सासऱ्यांचं जाड जाकीट खुंटीवर होतं. फोन चार्जरला होता. टेबलावर वही उघडी होती आणि शेवटच्या ओळीत जवळच्या ओडेनवाल्डच्या डोंगराळ जंगलातल्या एका टेकडीचं नाव होतं, क्रमांक त्रेसष्ट. निघण्याआधी नाव लिहायची आणि बाकीचं परतल्यावर भरायची त्यांची पद्धत होती. बाहेर तीन अंश तापमान होतं. साडेचारला सूर्य मावळणार होता. सासरे शहात्तर वर्षांचे होते आणि त्यांच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर होता.

ती टेकडी मला माहीत होती. ऑगस्टमध्ये त्यांनीच नकाशावर पेन्सिलने फुली मारून दाखवली होती: मनोरा इथे, खरा माथा सहाशे मीटर आत, जंगलात. मी पोलिसांना फोन केला आणि फुलीची जागा दिली. "मनोऱ्याकडे वेळ घालवू नका," असंही सांगितलं. "ते तिथे थांबणार नाहीत."

नवरा कामासाठी फ्रँकफर्टला होता. फोनवर त्याने विचारलं, "तुला खात्री आहे?"

"आहे."

अडीचला मी वही घेऊन टेकडीवरच्या वाहनतळावर पोहोचले. डावीकडची वाट मनोऱ्याकडे जात होती. मी उजवीकडे वळले.

माथ्यावर शेवाळलेला एक दगड आणि तोडलेल्या झाडाचा बुंधा होता. माणूस नव्हता. ओल्या पानांवर पावलांची खूण नव्हती. मी हाका मारल्या. मग दगडाभोवती वाढत्या अंतराने फेऱ्या मारल्या, खड्ड्यांत पाहिलं, पडलेल्या खोडांच्या मागे पाहिलं. तिसऱ्या फेरीला मी स्वेटरचा रंग शोधत नव्हते, जमिनीवर आडवं पडलेलं काही दिसतं का, ते पाहत होते.

साडेतीनला दोन पोलीस पलीकडच्या जंगलवाटेने आले. त्यातल्या तरुण बाईने वही मागितली. तिला देवनागरी वाचता येत नव्हती. तिने पानं मागे उलटली, एका ठिकाणी बोट ठेवलं.

"हे बघा, इथपर्यंत चारही रकाने भरलेले आहेत. इथून पुढे शेवटचा रिकामा. का?"

मी पाहिलं. त्रेसष्टच्या आधीच्या अकरा टेकड्यांना क्रमांक होता, नाव होतं, उंची होती. खरा माथा नव्हता. घरी टेबलाशी मी फक्त शेवटची ओळ वाचली होती.

मी मनोऱ्याकडे पळत सुटले.

ते बाकावर बसले होते, पाटीखाली. ओठ निळसर, हात काखेत. वाहनतळापासून तो बाक चालत चार मिनिटांवर होता. मागून आलेल्या पोलीस बाईने त्यांना सोनेरी कागदासारख्या पांघरुणात गुंडाळलं आणि सहकाऱ्याने रुग्णवाहिका बोलावली.

"बाबा, कधीपासून बसलात इथे?"

"आलो तेव्हापासून. झाली की त्रेसष्टावी." त्यांनी मान वर करून पाटी दाखवली. "तुम्ही कुठल्या गावच्या?"

मी त्यांची सून आहे, असं सांगितलं. त्यांनी नम्रपणे मान डोलावली.

रुग्णवाहिकेत डॉक्टरने त्यांचं तापमान घेतलं आणि धोका टळल्याचं सांगितलं. मग विसरायला कधीपासून लागले, ते विचारलं. मी वही उघडून रकाने मोजले. अकरा टेकड्यांपासून, एवढंच मला सांगता येत होतं.

वही दिसल्यावर सासऱ्यांनी हात पुढे केला. बोटांत पेन धरवेना. ते माझ्याकडे देत म्हणाले, "तुम्ही लिहा."

उंची मला पाठ होती. ती लिहिली आणि शेवटच्या रकान्याशी थांबले.

"इथे काय लिहू, बाबा?"

त्यांनी रकान्याचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"पाटीवर असेल ना," ते म्हणाले. "पाटी बघून लिहा."