पाण्याच्या रेघेखालचे हात

माझ्या आत्याला बोटींच्या यार्डात सगळे 'तळवाली' म्हणत. रंगारी तिथे बरेच होते, पण त्यांना वरचं काम हवं असे. पांढरा रंग, कडेचा निळा पट्टा, बोटीचं नाव, म्हणजे लोकांना दिसेल ते. पाण्याच्या रेघेखालचा भाग एकदा पाण्यात गेला की कुणाच्या नजरेला पडत नाही, म्हणून तो आत्याच्या गळ्यात पडला. "तोंडाला पावडर लावायला सगळे पुढे, टाचा घासायला मी," असं ती म्हणायची.

ती तिशीत असतानाच तिचा नवरा निघून गेला होता. भांडण नाही, तंटा नाही. एका सकाळी बॅग भरली, शेजाऱ्यांना नमस्कार केला आणि गेला. तो कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणी विचारलं तर म्हणे, "आहे ना, ठणठणीत आहे." त्यापुढे विषय नाही. यार्डातलं काम तिने त्यानंतर धरलं आणि उरलेलं आयुष्य बोटींच्या खाली, मान वर करून काढलं. तिच्या नखांच्या कडा कायम लाल असत. माझ्या लग्नातल्या फोटोतसुद्धा त्या लालच आहेत.

पुढची गोष्ट तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितली, भाजी निवडता निवडता, आवाज जराही न चढवता.

गावात एक वायरमन होता. दुकान छोटं, पण हात चांगला. त्याने एक जुनी शिडाची बोट घेऊन हौसेने दुरुस्त केली होती. तिचा तळ आत्यानेच रंगवला. तळाचा हा लाल रंग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. पाण्यात तो हळूहळू झिजतो आणि झिजताना त्यातलं विष समुद्रातल्या बारीक शिंपल्यांना तळाला चिकटू देत नाही. जिथे रंग नाही तिथे मात्र ते हमखास घर करतात.

बोट पाण्यात उतरली आणि पहिल्याच आठवड्यात वायरमन ती घेऊन एकटाच समुद्रात गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी मासेमारी करणाऱ्यांना बोट वाहत जाताना सापडली. शीड उतरवलेलं, डेकवर अर्धं सोललेलं संत्रं, शर्टाची नीट घडी आणि घडीवर चष्मा. माणूस नाही. त्याचं शरीरही पुढे कधी सापडलं नाही.

आधी सगळे हळहळले. मग त्याच्याच धाकट्या भावाने तोंड उघडलं. "बुडणारा माणूस चष्मा काढून ठेवतो होय? कुणीतरी दुसरी बोट घेऊन आलं असणार. मजेत असेल कुठेतरी." लोकांना तेवढंच हवं होतं. वायरमनची बायको दुकानात बसे, बल्ब तपासून देई, आणि गिऱ्हाईक तिच्या तोंडाकडे बघत राही. तिला धड रडताही येईना, धड रागावताही येईना.

बोट मात्र खाडीत नांगरावर तशीच पडून राहिली. वर्ष उलटून गेल्यावर एक गिऱ्हाईक मिळालं. तळ स्वच्छ करून द्या, म्हणजे घेतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून ती यार्डात आली.

क्रेनच्या पट्ट्यांत अडकवून बोट वर उचलली तेव्हा तिच्या अंगावर हिरवं शेवाळ लोंबत होतं. टेकूंवर नीट बसवल्यावर आत्याने पाण्याचा जोराचा फवारा मारायला घेतला. शेवाळ लगदा होऊन खाली पडलं आणि लाल तळ उघडा झाला. रंग चांगला टिकला होता. फक्त एका जागी शिंपल्यांचा झुबका होता. तिने खरवडायची पट्टी उचलली आणि तिचा हात तसाच राहिला.

झुबका नव्हता तो. तो पंजा होता. पाच बोटं वर, तळवा खाली, सगळा बारीक पांढऱ्या शिंपल्यांनी भरलेला. शेजारी दुसरा. बोटांच्या टोकांपासून खाली लांब ओरखडे आलेले, तेही शिंपल्यांचेच.

तिने मुकादमाला हाक मारली.

"हे काय आहे?"

"शिंपले," तो लांबूनच म्हणाला.

"शिंपले मलाही दिसतात. जवळ या."

तो जवळ आला.  मग खिशातून रुमाल काढून त्याने उगाच हात पुसले आणि ऑफिसात निघून गेला. त्या बोटीच्या बाजूला तो पुन्हा फिरकला नाही.

आत्या बोटीभोवती चालू लागली. हात पुढे गेले होते, तशी तीही गेली. मधेच एखादी जागा कोरी, मग पुन्हा जोडी. नाकाडाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, एका हाताचा ठसा, जणू धरून जरा दम घेतला असावा. तिथून पलीकडच्या अंगाला वळसा. तिकडे ओरखडे लांब होते. सगळे पाण्याच्या रेघेपर्यंत चढलेले आणि तिथून घसरलेले. मागे सुकाणूपाशी तर हातावर हात पडले होते, मोजायची सोय नव्हती. त्यानंतर काही नाही.

तिने वर पाहिलं. पाण्यात उतरून परत चढण्यासाठी प्रत्येक बोटीला एक लहान शिडी असते. या बोटीची शिडी डेकवर घडी घालून, दोरीने घट्ट बांधलेली होती. बोट सापडली तेव्हा होती तशीच.

सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. वारा पडला असेल, उकडलं असेल. चष्मा काढून ठेवला, एक बुडी मारून येऊ म्हणाला, आणि शिडी सोडायची राहून गेली. ओल्या मऊ रंगावर त्याचे हात घसरत राहिले आणि रंग तळव्यांना लागून निघत राहिला; निघाला तिथेच मग शिंपले बसले.

पट्टी फिरवली असती तर घटकाभरात सगळं साफ झालं असतं. आत्या म्हणाली, "मी पट्टी खिशात घातली. माझा माणूस गेला तो जायचं म्हणून गेला. तिला तरी कळायला नको का, की तिचा तसा गेला नाही?"

आत्याने निरोप धाडला तशी वायरमनची बायको, यार्डात सगळ्यांची वहिनी, आली. आत्याने तिला बोटीखाली नेलं.  वहिनी जवळ गेली. डाव्या हाताचं शेवटचं बोट बाहेरच्या बाजूला वाकलेलं होतं, प्रत्येक ठशात. तिने त्या वाकड्या बोटावर आपलं बोट टेकवलं.

"लहानपणी दारात चेमटलं होतं," ती म्हणाली.

तिनेही पूर्ण फेरी मारली, एकेका हाताला हात लावत. शिंपल्यांच्या धारेने तिचे तळवे सोलवटले. सुकाणूपाशी आल्यावर ती खाली बसली आणि म्हणाली, "म्हणजे हे घरीच यायला निघाले होते."

दुसऱ्या दिवशी ती दिराला घेऊन आली. "भावजी, हात लावून बघा."

त्याने हात पुढे केला, पण टेकवला नाही. मागे घेतला.  त्या दिवसापासून गावात कुणी विचारलं की तोच आधी सांगायचा, "माझा भाऊ बुडाला."

मग काम सुरू झालं. आत्याने शिंपले खरवडले, पॉलिश पेपरने तळ घासला, अस्तर दिलं. अस्तर वाळल्यावर लाल रंगाचा पहिला हात झाला. सगळं एकसारखं दिसू लागलं.

दुसरा हात देताना जेवणाची सुट्टी झाली. माणसं डबे घेऊन शेडकडे गेली. ऊन रखरखीत होतं, वारा पूर्ण पडलेला. आत्या एकटीच डाव्या अंगाला रोलर फिरवत होती. तेव्हा पलीकडच्या बाजूने आवाज आला. ओला तळहात भिंतीवर मारावा तसा. थप. जरा थांबून पुन्हा, थप.

"कोण आहे?"

 तिने वाकून बोटीखालून पाहिलं. पलीकडे नुसते टेकू आणि तापलेली जमीन. ती वळसा घालून तिकडे गेली, तर आवाज आता या बाजूने, जिथे ती मघाशी उभी होती तिथून. ती परत आली. आवाज पुन्हा पलीकडे, थोडा मागे सरकलेला. घाईचा नव्हता. दमलेल्या माणसाचा होता.

मी विचारलं, "पळून का नाही आलीस?"

"खरं सांगू का?" ती म्हणाली. "भीतीपेक्षा मला त्याची कीवच जास्त आली. अजून तो फेऱ्याच मारत होता."

ती रोलर ताटात ठेवून, बोटीच्या अंगाकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, शिडी मागे लावलीय. सुकाणूच्या उजव्या हाताला. पक्की आहे, मी रोज चढते."

थप थांबली.

 मग मागच्या बाजूला टेकलेली ॲल्युमिनियमची शिडी कुरकुरली. एक पायरी. पुन्हा एक. सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत. शेवटी वर डेकवर काहीतरी टेकल्यासारखं झालं आणि सगळी बोट टेकूंवर किंचित दबली, कुणी आत पाऊल टाकल्यावर दबते तशी.

आत्या मागे जाऊन पोचली तेव्हा शिडीवर कुणी नव्हतं. बोट कित्येक दिवस कोरडी उभी होती, तरी पायऱ्या ओल्या होत्या. तिने त्या पुसल्या नाहीत. उन्हाने आपोआप वाळल्या.

दुपारनंतर वहिनी बोटीतलं सामान न्यायला आली. आत्याने शिडी धरली आणि म्हटलं, "तुम्ही जा वर. मी खालीच आहे." वहिनी केबिनमध्ये उतरली. पिशव्या भरल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने तिचं बोलणं ऐकू येऊ लागलं. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. उशिरा आलेल्या नवऱ्यावर बायको करवादते तो सूर. मधेच ती हसलीसुद्धा. आत्या नळापाशी गेली आणि स्वच्छ असलेले ब्रश पुन्हा धूत बसली, नळ मोठा सोडून.

ऊन उतरल्यावर वहिनी रिकाम्या हाताने खाली आली. डोळे सुजलेले होते, पण चेहरा कितीतरी दिवसांनी झोप झालेल्या माणसासारखा दिसत होता.

"बोट विकणार नाही मी," ती म्हणाली. "त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगते. रंग पुरा करा."

"पुरा झालाच आहे. टेकूंच्या खालचे डाग तेवढे राहिलेत," आत्या म्हणाली.

त्या आठवड्यात क्रेनने बोट उचलली तेव्हा आत्याने हवेतच ते डाग भरले आणि बोट पाण्यात उतरली. वहिनी आतच बसून होती.