आर्डिसच्या नावाचा एल्क

आर्डिस कोस्केलाने आयुष्यात एल्क पुष्कळ कापले, पण जिवंत एल्क पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर.

मिनेसोटाच्या उत्तरेला, तळ्यांच्या आणि दलदलीच्या मुलखात, ती मांसाच्या दुकानात कामाला होती. शिकारी आपापली जनावरं आणून टाकायचे आणि आर्डिस नि तिच्या जोडीच्या बायका ती कापून, कागदात गुंडाळून परत द्यायच्या. नोव्हेंबरात हरणांची रीघ लागायची. पण त्याच्या आधीच, ऑक्टोबर सरता सरता, पश्चिमेकडून धुळीने माखलेल्या गाड्या यायच्या आणि त्यांच्यामागे बर्फाच्या पेट्यांत एल्क असायचा. आमचं हरीण त्याच्यापुढे पोर वाटावं. सांबराचा थोरला भाऊच म्हणा ना. त्याची नुसती मांडी टेबलावर घ्यायला दोघी लागायच्या. जनावराच्या केसांत एखादी करड्या झुडपाची काडी अडकून आलेली असायची, आणि तिला असा काही कडसर वास असायचा की आर्डिस सुरी बाजूला ठेवून ती नाकाशी धरायची.

"वर कसं असतं हो?" ती गिऱ्हाइकाला विचारायची.

"चढ असतो, बाई. दुसरं काय असणार!" असं म्हणून तो हसायचा आणि सॉसेजमध्ये मिरी किती घालायची त्यावर यायचा.

नवरा डेल्मर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक चालवायचा. बोलका, दिलदार, कोणाचीही गाडी खड्ड्यात अडकली तर जेवण टाकून धावणारा. वाईट माणूस नव्हता तो, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे जे झालं ते एखाद्या वाईट माणसाने केलं असतं तर आर्डिसला सोपं गेलं असतं.

"आपण जाऊ या एकदा," एका संध्याकाळी ती म्हणाली.

"कुठे? चर्चला?"

"वायोमिंगला. एल्क मारायला."

"अगं, दिवसभर मांस चिवडून तुझं पोट भरत नाही का?" डेल्मर म्हणाला आणि सुपात पाव बुडवू लागला. पण नाही असंही म्हणाला नाही.

तेवढं तिला पुरलं. पश्चिमेत सरकारी जंगल अफाट आहे, तिथे शिकारीला कोणीही जाऊ शकतं. पण परराज्यातल्या माणसाला परवाना सोडतीत मिळतो, आणि नाव लागायला वर्षं जातात. ती वर्षं आर्डिसने वाया घालवली नाहीत. कामावरून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे पसरायची. कुठल्या उतारावर पाणी, कुठे गवत, रस्त्यापासून माणसं कुठवर चालतील आणि कुठे कंटाळतील, हे सगळं ती बोट फिरवत बघायची. तिकडच्या वनखात्यात फोन लावायची. तिथला एक म्हातारा अधिकारी आधी हूं-हूं करायचा, पण पुढे पुढे तिचा आवाज ओळखायला लागला. "सगळे रस्त्याकडून वर चढतात," त्याने एकदा सांगितलं, "आणि जनावर त्यांच्यापुढे पळतं. कुठे पळतं ते शोधा."

ते तिने शोधलं. कटर क्रीक नावाच्या ओढ्याच्या वर दोन डोंगरधारांच्या मध्ये एक लहानशी खिंड होती. नकाशावर नखाएवढी. पहाटे गार वारा उतरणीला वाहतो, ऊन चढलं की उलटा फिरून वर येतो. तेव्हा खिंडीच्या कुठल्या बाजूला कधी बसायचं, हेही तिने घरबसल्या ठरवून टाकलं.

डेल्मरचा भाऊ रॉडनी रविवारी कॉफीला यायचा, तो नकाशावर वाकून म्हणायचा, "दिसला का गं आर्डी? मग इथूनच घाल की गोळी! पेट्रोल तरी वाचेल."

"तू हस," आर्डिस म्हणायची, "तुला तुझ्या परड्यातलं हरीण सापडत नाही."

ज्या वर्षी सोडतीत दोघांची नावं लागली त्या उन्हाळ्यात ती पाठीवर वाळूची पिशवी बांधून खडीच्या खाणीचा चढ चढायची नि उतरायची. डेल्मर ट्रकमधून जाताना भोंगा वाजवायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "माझीही पिशवी घे गं, तुझं वजन सारखं होईल!" त्याने एकदाही पिशवी उचलली नाही. पण दारूच्या गुत्त्यात त्या शिकारीचा बेत सांगताना तो "मी ठरवलंय" असंच म्हणायचा. आर्डिसच्या कानावर ते यायचं. ती सोडून द्यायची.

एक गोष्ट मात्र तिने त्याला बजावून सांगितली. आमच्याकडे हरणांच्या शिकारीला टोळीने जातात, आणि टोळीतल्या एकाने मारलेल्या हरणाला दुसऱ्याने आपला टॅग, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली आपल्या नावाची चिठ्ठी, लावला तरी चालतं. कायद्यातच तशी मुभा आहे. पश्चिमेत ती नाही.

"तिथे ज्याने मारला त्याचाच टॅग," ती म्हणाली. "दुसऱ्याचा लावला तर गुन्हा होतो. रायफल जप्त होते, परवाना जातो, आणि तिथला गेला की इथलाही जातो. ऐकतोयस ना?"

"हो गं हो, मास्तरीणबाई."

दोन दिवस गाडी हाकून ते पोचले, तळ टाकला, आणि सगळं तिने सांगितलं होतं तसंच निघालं. ओढा तिथेच होता, खिंड तिथेच होती, आणि वारा तिच्या शब्दाबाहेर नव्हता. डेल्मरचे गुडघे पहिल्याच चढाला कुरकुरले, म्हणून खिंडीतली चांगली जागा तिने आधी त्याला दिली आणि स्वतः लांबच्या टेकाडावर बसली. दुसऱ्या दिवशी उजाडताच खाली रस्त्याकडून चढणाऱ्या शिकाऱ्यांनी उठवलेला कळप खिंडीतून आला आणि डेल्मरने एक नर पाडला. त्याने तिला मिठी मारली, रडला, आभाळाकडे बघून टोपी काढली. मग पाठीवरून मांस उतरवायची वेळ आली. त्यातल्या बहुतेक खेपा आर्डिसने केल्या, कारण वाळूची पिशवी तिने वाहिली होती.

आता तिची पाळी. खिंडीतली जागा तिची झाली. पण कळप एकदा बिचकलेला, जनावर येईना. बर्फाचा शिरवा पडला. आर्डिस टोपी कानावर ओढून बसायची, आणि डेल्मर पलीकडच्या धारेवर दुर्बीण घेऊन तिला सोबत म्हणून बसायचा. रायफल कशाला घेतोस, असं तिने एकदा विचारलं. "अस्वल आलं तर?" तो म्हणाला. तेही खरंच होतं.

शेवटच्या दिवसांपैकी एका सकाळी खिंडीच्या खालच्या गवतात एक नर एकटाच बाहेर आला. शिंगं मागे टाकून तो चरत होता, आणि त्याच्या नाकातून वाफ निघत होती. लांब होता. आर्डिसला तेवढ्या अंतरावरून गोळी टाकायची नव्हती. ती पोटावर पडली आणि सरपटत निघाली. वारा तोंडावर. झुडपांचा तो कडसर वास चहूकडून, तिच्या बाह्यांना, केसांना. कोपरं सोलली, गुडघे भिजले. नर मान वर करी तेव्हा ती थांबे, मान खाली घाली तेव्हा पुढे सरके. शेवटी एका खडकाशी पोचली, खडकावर पाठीवरची पिशवी ठेवली, तिच्यावर रायफल ठेवली. नर तिच्याकडे तोंड करून उभा होता. गोळी कुशीत बसायला तो आडवा वळायला हवा होता. आर्डिसने श्वास सोडला. रायफलवरच्या दुर्बिणीची काच स्वच्छ, हात स्थिर. इतकी शांत ती आयुष्यात कधी झाली नव्हती, असं तिने नंतर स्वतःलाच सांगितलं, कारण दुसरं सांगायला कोणी नव्हतं.

नर वळायला लागला, आणि गोळी सुटली.

तिची नव्हे. आवाज वरून, धारेवरून आला. नर दोन पावलं टाकून बसला आणि मग आडवा झाला. आर्डिसचं बोट अजून घोड्यावर होतं.

डेल्मर घसरत, ठेचकाळत, हसत खाली आला. "मिळाला! आर्डी, मिळाला तुला!"

ती उठली नाही. "काय केलंस तू?"

"अगं, तू वेळ लावत होतीस. पळाला असता तो. मी म्हटलं, रिकाम्या हाताने कशी जाईल माझी बायको?"

"माझं बोट घोड्यावर होतं, डेल्मर."

"मग दाबायचं ना! असो. टॅग काढ."

"तो माझा टॅग आहे. मी नाही मारला."

"इथे कोण बघतंय?" त्याने चहूकडे हात फिरवला. मैलोन् मैल कोणी नव्हतं. "अगं, आपण जन्मभर असंच करत आलोय. माझ्या बापाने माझ्या आईसाठी मारली हरणं. तिने कधी तोंड वाकडं केलं?"

आर्डिस त्या नराजवळ गेली. डोळा उघडा होता. तिने हात लावला तर अंग ऊन होतं. दुकानात येणारं मांस नेहमी गार असायचं.

खाली जाऊन खरं सांगितलं तर काय होईल, हे ती जाणून होती. डेल्मरची रायफल जाईल. ती त्याच्या बापाची. त्याचा परवाना जाईल, आणि नोव्हेंबरात गावातली सगळी माणसं रानात जातील तेव्हा हा घरात बसेल. शिकारीशिवायच्या डेल्मरचं काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. आणि जनावर तिथेच टाकून जायचं, तर तेही तिच्या हातून होण्यातलं नव्हतं. तिने टॅग काढला, तारीख घातली, सही केली. डेल्मर म्हणाला, "शाबास!"

परतीच्या वाटेवर वनखात्याचा तपासणी नाका होता. तिथली वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम बघणारी अधिकारी, तिशीतली, उन्हाने रापलेली बाई होती. तिने टॅग पाहिला, शिंगांवरून हात फिरवला आणि आर्डिसकडे बघून एकदम खुलली.

"पहिलाच का?"

"हो," आर्डिस म्हणाली.

"मिनेसोटाहून येऊन, सरकारी रानात, वाटाड्याशिवाय! मावशी, मानलं तुम्हाला. किती लांबून घातलीत गोळी?"

आर्डिसने अंतर सांगितलं. स्वतःच्या खडकापासूनचं. ते बरोबर होतं.

"माझ्या आईला सांगते तुमची गोष्ट," वॉर्डन म्हणाली आणि तिने आर्डिसचा हात दोन्ही हातांत धरला. डेल्मर शेजारी उभा राहून कौतुकाने मान डोलावत होता. त्यानंतर गाडीत आर्डिस बाह्यांत अडकलेल्या काड्या एकेक करून काढत बसली. "दमलीस," डेल्मर म्हणाला आणि तिच्या मांडीवर आपलं जाकीट पसरलं.

गावात बातमी आधीच पोचली होती. दुकानातल्या बायकांनी केक आणला. चर्चच्या तळघरात पाद्रीबाबांनी हात मिळवला. डेल्मरने शिंगांसकट मुंडकं पेंढा भरून आणलं आणि दिवाणखान्यात लावलं. खाली पितळेच्या पट्टीवर तिचं नाव. कोणी विचारलं की आर्डिस म्हणायची, "डेल्मरला विचारा, तो छान सांगतो." आणि तो खरंच छान सांगायचा. ती कशी सरपटली, नर कसा वळला, गोळी कशी बसली. त्याच्या तोंडून ऐकताना कधी कधी तिलाही वाटायचं की असंच झालं असावं. मग ती उठून भांडी घासायला जायची.

पुढे तिने अर्ज भरला नाही. काही वर्षांनी डेल्मर आणि रॉडनीला माद्यांचे परवाने मिळाले. डेल्मरने खिंडीचा नकाशा मागितला, तिने दिला. रॉडनीने मादी मारली आणि आणून आर्डिसच्याच टेबलावर टाकली.

"तुझी जागा सोन्यासारखी आहे बघ," तो म्हणाला. "चल की पुढच्या वेळी. का एकातच भागलं?"

तो दिवस कसा होता कोणास ठाऊक. आर्डिसने सुरी खाली ठेवली. "रॉडनी, तो एल्क मी मारला नव्हता. डेल्मरने मारला होता."

तिला वाटलं होतं, तो थक्क होईल. रॉडनी हसला.

"अगं, ते काय मला माहीत नाही? पहिल्याच आठवड्यात गुत्त्यात सांगितलं होतं त्याने. सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना?"

"मग! आम्ही म्हटलं, बाई एवढी हौसेने मिरवतेय, तर मिरवू दे. तुझ्या तोंडावर कोण कशाला बोलेल?"

शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी माना खाली घातल्या. केक त्यांनीच आणला होता.

घरी गेल्यावर तिने डेल्मरला विचारलं. तो आधी गोंधळला, मग त्याला वाईट वाटलं. तिच्यासाठी नव्हे, तिला राग आला म्हणून. "अगं, मी काय वाईट सांगितलं? बायकोसाठी मी किती केलं, हेच ना सांगितलं? सगळ्यांनी कौतुक केलं माझं."

"आणि मी?"

"तुझंही केलं की."

आर्डिसने स्टुलावर चढून मुंडकं उतरवलं. जड होतं, पण तिने मदत मागितली नाही. गॅरेजात ते दोन हिवाळे पडून होतं. मग रॉडनीने विचारलं, तुम्हाला नको तर मी नेऊ का, आणि डेल्मरने ते ट्रकमध्ये घालून त्याच्याकडे पोचवलं. पितळेची पट्टी त्यांनी काढली नाही. स्क्रू गंजले होते म्हणे.

आर्डिस अजून दुकानात आहे. पश्चिमेकडून गाड्या आल्या की ती जनावर टेबलावर घेते, केसांतली काडीकुडी झटकून केराच्या डब्यात टाकते आणि कामाला लागते. वर कसं असतं, असं आता ती कोणाला विचारत नाही.