डाव्या हाताचं बोट

शोको सुईणीच्या डाव्या हाताला सगळी वस्ती ओळखून होती. गरोदर बाईला वाफेच्या न्हाणीत बसवायची, उजव्या हाताने पोट धरायची आणि डाव्याने चोळत चोळत आडवं मूल सरळ करायची. तळ्यातल्या त्या शहराच्या दक्षिण टोकाला, कालव्याकाठच्या घरांमधली निम्मी माणसं याच हातांवर जन्माला आली होती. तोंडाने मात्र बाई फटकळ. दारात घुटमळणाऱ्या नवऱ्याला म्हणायची, "तुझं काम नऊ महिन्यांपूर्वीच झालं, आता पाणी आण." नवरे मुकाट्याने पाणी आणत.

सेंतेवाच्या बाबतीत मात्र त्या हाताचं काही चाललं नाही. पहिलटकरीण, मूल अडलेलं. शोकोने जंग जंग पछाडलं. पहाटे मूल पोटातच गेलं आणि पोरगीही जाणार हे दोघींना कळून चुकलं. सेंतेवाने शोकोचं मनगट धरलं.

"आजी, मला अख्खी पोचव."

"पोचवते," शोको म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

अख्खी म्हणजे काय, ते त्या शहरात लहान पोरीलाही सांगावं लागत नसे. बाळंतपणात गेलेली बाई म्हणजे रणात पडलेला वीर. ती थेट सूर्याच्या घरी जाते आणि दुपारपासून मावळतीपर्यंत त्याला खांद्यावर वाहून नेते. तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट ढालीत बांधलं की समोरच्या शत्रूचे पाय जागीच थिजतात, म्हणून तरण्या शिपायांचा त्या बोटावर डोळा. प्रेत पुरायला निघालं की पोरांच्या टोळ्या वाटेत झडप घालत. त्याला कुणी चोरी म्हणत नसे. सुइणींनीही ढाली-तलवारी घेऊन प्रेताभोवती कडं करायचं आणि पोरांना झोडपून काढायचं, हीही रीतच होती. ज्याची सरशी होईल त्याचं ते बोट.

दुपारी शोको प्रेताला न्हाऊ घालून घरी आली, तर तिचा मुलगा सोलिन चुलीपाशी बसलेला. एकुलता एक. बाप लढाईतच गेलेला. सोलिन दोन मोहिमांना जाऊन दोन्ही वेळा हात हलवत परत आला होता. जिवंत कैदी धरल्याशिवाय मानेवरची शेंडी कापता येत नसे, आणि एव्हाना त्याची शेंडी चांगली वीतभर वाढली होती. बाजारातल्या पोरी त्याला पाहून नाक धरायच्या. "वास कसला येतोय गं?" एक विचारायची. "शेंडीचा," दुसरी म्हणायची. परवा फौज पुन्हा निघणार होती. या खेपेलाही रिकामा आला तर जन्मभर दुसऱ्यांची ओझी वाहायची. पण शोकोला त्याचं एवढं भय नव्हतं. तिला माहीत होतं की पोरगं भितं, आणि लढाईत भिणारा आधी मरतो.

तिने पुढे केलेल्या भाकरीला त्याने हात लावला नाही.

"आई, सेंतेवाला आज नेणार ना?"

"मावळतीला."

"तिच्या डाव्या बाजूला तूच चालशील."

शोकोने भाकरी पुन्हा पुढे सरकवली. पोराचं बोलणं कुठे चाललंय ते तिला कळलं होतं.

"फक्त एकदा मान फिरव," सोलिन म्हणाला. "तेवढंच. बाकीचं मी बघतो."

"मी शब्द दिलाय तिला."

"आणि मला काय दिलंस?"

"तुला जन्म दिला. तो काय थोडा झाला?"

"तो परवा जाईल परत," तो म्हणाला आणि उठला. "परक्या बाईची बोटं मोजून घे नीट. माझं प्रेत तर तुला मिळायचंही नाही."

  पोराच्या पाठीकडे बघत शोको चुलीशी बसून राहिली, आणि भाकरी शेवटी कुत्र्याने नेली.

मावळतीला प्रेत निघालं. सेंतेवाचे केस मोकळे सोडले होते. नवरा तोचिन तिला पाठीवर घेऊन चालला होता. पुढे, मागे, दोन्ही अंगांना म्हाताऱ्या सुइणी, हातात ढाली आणि लाकडी तलवारी, लढाईची आरोळी ठोकत चाललेल्या. शोको डाव्या बाजूला होती. रस्त्यातली माणसं दारं लावून घेत होती. चौकातलं देवींचं आवार, जिथे तिला पुरायचं होतं, समोर दिसू लागलं आणि शोकोला वाटलं, सुटलो बाई. तेवढ्यात पुलाखालून पोरं वर आली.

तोंडं काळी रंगवलेली, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. पण आईला तोंड कशाला लागतं? उजवा खांदा किंचित खाली टाकून धावणारा कोण, ते तिने पहिल्या झटक्यात ओळखलं. बाकीच्यांना बायकांनी असं बदडलं की दोघे थेट कालव्यात. पण ढकलाढकलीत तोचिन गुडघ्यांवर आला, पाठीवरचं प्रेत कलंडलं आणि सेंतेवाचा डावा हात कापडाबाहेर लोंबू लागला. सोलिनने बायकांच्या पायांतून सूर मारला. त्याच्या हातात काचदगडाची पात होती.

शोकोची तलवार वर गेली होती. खाली पोराची मान होती, शेंडीसकट. तलवार खाली येईना. अंगात बळ होतं, नेमही चुकला नसता, पण हातच ऐकेना. आणि पात तर त्या बोटाशी पोचली होती.

तिने तलवार टाकली आणि प्रेतावर अंग झोकून दिलं. सेंतेवाचा हात तिने छातीखाली दाबला, तसा तिचा स्वतःचा डावा हात बाहेर राहिला. पोराने जो सापडला तो हात धरला. अंधारून आलं होतं, वर बायका पाठीत तलवारी घालत होत्या, त्याने डोळे मिटूनच पात ओढली असावी.

शोको ओरडली नाही. ओरडली असती तर आवाज ओळखून त्याने मान वर केली असती. तिने दातांत कापड धरलं आणि मूठ ढालीआड घेतली. बोट घेऊन पोरगं पुलावरून पळालं. बायकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. तोचिन रडत म्हणाला, "नेलं गं, नेलं." शोकोने सेंतेवाचा हात उघडून त्याला दाखवला. पाचही बोटं जागच्या जागी होती.

"बघून घे," ती म्हणाली, "आणि चल. उजेड जायच्या आत पोचवायचीय तिला."

चार रात्री ती बाकीच्या बायकांबरोबर थडग्यावर पहारा देत जागली. हात ढालीत चिरडला म्हणून सांगितलं, घायपाताचा चीक लावला. लोक खपवून घेतात असलं, सुईण म्हातारी झाली म्हणतात. चौथ्या दिवशी घरी आली तोवर फौज निघून गेली होती. तिचा तो हात मात्र कामातून गेला. पोटावर ठेवला की मूल बोटांखालून निसटायचं. आडवं मूल असलं की ती आता दुसऱ्या सुईणीला बोलवायची आणि स्वतः पाणी तापवत बसायची. आपण हात सेंतेवासाठी दिला की सोलिनसाठी, याचा तिने पुष्कळ विचार केला. मग तिला त्या विचाराचाच राग आला आणि तिने तो सोडून दिला. दुसराच घोर मोठा होता. पोरगं ढालीत जे बांधून गेलं होतं, त्यात काडीचं बळ नव्हतं, आणि हे फक्त तिला माहीत होतं.

मका कापणीला आला तेव्हा फौज परतली. शोको दारातून हलली नाही. रस्त्यावर जाऊन तो दिसला नसता तर? संध्याकाळी उंबऱ्यावर सावली पडली. सोलिनच होता. शेंडी कापलेली, अंगावर कैदी धरणाऱ्याला मिळतं ते रंगीत उपरणं.

"ये," ती म्हणाली. तिला रडायचं होतं, पण तिने भाकरी वाढली. उजव्या हाताने.

"डावा दाखव," सोलिन म्हणाला.

"भाकरी गार होतेय."

"आई, दाखव."

तिने पदराखालून हात काढला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्याने ढाल मांडीवर घेतली, आतली गाठ सोडली आणि चिंधीची पुरचुंडी चुलीपाशी ठेवली.

"पूल ओलांडला तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "गरम होतं. मेलेल्याचं गरम नसतं, एवढं सुइणीच्या पोराला कळतं. आणि डाव्या अंगाला तूच होतीस."

"मग मागे का नाही फिरलास?"

"कुठल्या तोंडाने फिरू?"

"आणि ढालीत कशाला बांधलंस? त्याचा काय उपयोग?"

 "बाकीच्यांच्या ढालीत कुणाकुणाच्या बायका होत्या," तो म्हणाला. "मी भ्यालो की हे बोट चाचपायचो. मला वाटायचं, तू बघतेयस."

शोकोने चुलीतली लाकडं बाजूला ओढली. मुलगी झाली की नाळ चुलीशी पुरतात, म्हणजे ती घर सोडत नाही. अशा किती नाळा तिने आजवर पुरल्या होत्या. तिने चुलीच्या कडेची जागा दाखवली आणि त्याच्या हातात खुरपं दिलं.

सोलिन गुडघ्यांवर बसून खणू लागला. त्याचे खांदे हलत होते आणि माती नीट निघत नव्हती.

"खोल खण," शोको म्हणाली. "नाहीतर कुत्रं उकरेल."