बहिऱ्यांची निवड, मुरुडच्या माडीवर

मुरुडला कसं जावं, असं हल्ली भाचेसुना विचारतात. आता मांडव्याची बोट आहे, मजा करा. आम्ही गेलो तेव्हा, साठच्या आसपास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे एसटी, रेवदंड्याला तरीतून, म्हणजे होडीतून, खाडी पार आणि पलीकडे पुन्हा एसटी. हाडं खिळखिळी व्हायची. होडी यायला उशीर झाला की धक्क्यावर गरम भजी मिळायची, तेवढंच सुख.

माझा धाकटा भाऊ दत्ता चार वर्षांचा असताना तापात ठार बहिरा झाला. पुढे उत्तम गोलकीपर झाला. युरोपात बहिऱ्यांचे आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामने भरायचे आणि आपल्याकडूनही संघ धाडायचं घाटत होतं. निवड मुंबईतल्या मैदानावर केली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण समितीच्या अध्यक्षांची मुरुडला नारळाची वाडी होती, आणि ताजं पापलेट पोटात गेल्याशिवाय त्यांना खेळाडूंची पारख होत नसावी. दत्ताचे हातवारे समजावून सांगायला मी सोबत गेले.

सकाळी ओहोटीच्या घट्ट वाळूवर सामना. आधी अध्यक्षांचं लांबलचक भाषण, तेही बावीस बहिऱ्यांपुढे! मग रेफरी शिट्टी फुंकू लागला. कुणी थांबेना, तसा तो चिडून आणखी जोरात फुंकायचा. शेवटी मीच माझा रुमाल त्याच्या हातात कोंबला. मासळी वाळत घालणारी एक कोळीण काम सोडून बघत होती.

"त्यो तुजा भाव हाय? बॉल काय, त्याच्या हातून चिंबोरी पन सुटायची न्हाय गो!"

दत्ताने दोन हमखास गोल अडवले. त्याची निवड झालीच, असं मी धरून चालले होते.

दुपारी वाडीतल्या घराच्या माडीवर बहिरेपणाची तपासणी. ऐकू येणारा खेळाडू तिकडे चालत नाही, हे खरंच. पण समितीच्या डॉक्टरांचं शास्त्र असं, की मुलाला पाठमोरं उभं करायचं आणि मागे तांब्याचं घंगाळ लाकडी फळ्यांवर आदळायचं. बाकीचे बूट घालून उभे राहिले. दत्ताचे भिजलेले बूट खाली उन्हात होते. तो अनवाणी उभा राहिला आणि घंगाळ पडताच चटकन वळला.

"याला ऐकू येतं! लबाड आहे," डॉक्टर ओरडले.

"अहो, फळ्या हादरल्या, ते त्याच्या पायांना कळलं," मी म्हटलं. "खाली अंगणात चला आणि काय आपटायचं ते आपटा."

"बाई, आम्ही शिकलेली माणसं आहोत," अध्यक्ष म्हणाले. "आणि पानं वाढलीत."

दत्ता माझ्याकडे बघत होता. मी हातांनी सांगितलं. थट्टा वाटून तो हसला. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा तो खाली जाऊन ओलेच बूट घालून बसला. पापलेट म्हणे फार छान झालं होतं. आम्ही जेवलो नाही.

परळला घरी पोचल्यावर मी एकेकाचा उद्धार करत आईला सगळं सांगितलं. तिने त्यातलं एकच उचललं.

"ऐकू येतं म्हणाले? डॉक्टर?"

"आई, तो गाढव आहे."

"पण डॉक्टर आहे ना?"

दत्ता खिडकीशी बुटांतली वाळू झाडत होता. आई हळूच त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "दत्तू," तिने हाक मारली. मग थोडी मोठ्याने, "दत्तू."

संघातली जागा गेली, ते आम्ही सोसलं. पण पुढे वर्षभर आई त्याच्या पाठीमागे उभी राहून हाका मारायची, त्याबद्दल त्या शहाण्यांना माझी माफी नाही. कधी तो आपला सहजच मान वळवायचा, आणि आई धावत मला बोलवायला यायची.