जाऊबाईंच्या कुशीत

सत्तरच्या दशकात, आमच्या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावी, माझी मुलगी माझ्याजवळ झोपतच नसे. मी देवळातल्या वर्गात मराठी शिकवायची. निजतानाची गोष्टही शुद्ध मराठीत सांगायची. ती टक्क उघड्या डोळ्यांनी विचारायची, "मोठी आई कधी येणार?"

जाऊबाई, म्हणजे तिची मोठी आई, उसाच्या शेतातून दमून यायच्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या क्रिओल या इथल्या बोलीत गोष्टीतल्या एका कासवाला सावकाश घरी पोचवायच्या. पोर तेवढ्यात झोपायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी म्हणाले, "तिची भाषा बिघडवू नका." त्या उठून गेल्या. मुलगी रडत राहिली. शेवटी मीच त्यांच्या दाराशी गेले. "चुकलं माझं. या ना."

त्या आल्या. पोर शांत निजली. मत्सर मात्र पुढेही कितीतरी दिवस गेला नाही.