बॉनेटवरचं स्वस्तिक आणि धुरीमास्तरांचा हात

श्री. आत्माराम धुरी यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते माझ्या दुकानाच्या दारात उभे राहून लोकरीची टोपी गालावर घासत होते. टोपी डोक्यात घालायची नव्हे, पॉलिशच्या मशीनच्या फिरत्या चकतीवर चढवायची. सकाळीच मी ती शिवून दिली होती. अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूच्या आमच्या गल्लीत सगळी गॅरेजं. माझं सीटकव्हरं शिवायचं दुकान तेव्हा नवं होतं आणि बाईमाणसाला गॅरेजचं काम द्यायला कोणी धजत नव्हतं. धुरीमास्तरांनी दिलं, आणि दिल्या दिवशीच तक्रार घेऊन हजर!

"रजनीबाय, ह्या माझ्या गालाक टोचता. गालाक टोचता ता गाडयेक टोचल्याशिवाय रवात काय?"

मी म्हटलं, "मास्तर, लोकर नाही टोचत, तुमची दाढी टोचतेय."

ते इतक्या मोठ्याने हसले की शेजारचा डेंटिंगवाला हातोडी थांबवून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून आले, तीच टोपी पुन्हा गालावर फिरवली आणि म्हणाले, "आता बरी आसा." तेव्हापासून आज त्यांच्या साठीपर्यंत त्यांच्याकडची प्रत्येक टोपी मी शिवते आणि प्रत्येक टोपी त्यांच्या गालावरून जाते. गल्लीतल्या मंडळींनी या गौरव अंकासाठी लिहायला मला सांगितलं, त्याला कारण बहुधा हाच गाल असावा.

पॉलिश म्हणजे मशीन लावलं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी मास्तरांच्या गॅरेजात एक सकाळ घालवावी. गाडीवरचा रंग दुधावरच्या सायीएवढा. त्यावर मशीन एका जागी टेकवून धरलं, की पत्रा तापतो, रंग मऊ होतो आणि बघता बघता खालचं करडं अस्तर वर येतं. जिथे पत्रा वळतो त्या कडांवर तर रंग आणखीच पातळ. म्हणून मास्तर आधी गाडी भरपूर पाण्याने धुऊन घेतात, मग डोळे मिटून तळहात फिरवतात. कडांना चिकटपट्टी लावतात. कोपऱ्यातल्या एका टिचभर जागेवर मशीन फिरवून रंगाचा स्वभाव बघतात आणि मगच पुढे सरकतात. मशीन सतत चालतं ठेवायचं, दाबायचं नाही, आणि अधूनमधून हाताची पालथी बाजू पत्र्याला लावून बघायची. पत्रा कोमट लागला की मास्तर मशीन बंद करून ओरडतात, "चहा सांगा रे!" आमच्या गल्लीत चहाची वेळ घड्याळावर नाही, बॉनेटवर ठरते.

त्यांची शिकवायची तऱ्हाही न्यारी. नवा माणूस कामाला आला की त्याच्यापुढे भंगारातला एक मडगार्ड टाकतात आणि सांगतात, "जाळ." त्याने मुद्दाम एका जागी मशीन दाबून धरायचं आणि रंग कसा जळतो, कसला वास येतो, टोपीवर रंग कसा उतरतो ते बघायचं. "ज्येका जाळूक येता, त्येकाच वाचवूक येता," हे त्यांचं म्हणणं. आज बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत त्यांचे शिष्य आहेत आणि प्रत्येकाच्या गॅरेजात एकतरी जळका मडगार्ड भिंतीला टांगलेला असतो.

मास्तर स्वतः मशीन हातात घेण्यापूर्वी रंगावर ओरखडा नको म्हणून अंगठी, घड्याळ, पट्टा सगळं उतरवतात. पांढराशुभ्र लेंगा, नाडी आत खोचलेली, हा त्यांचा कामाचा पोशाख. पांढराच का, असं विचारलं तर म्हणतात, "माका मळ दिसाक व्हयो." थोडा दिमाखही असावा, पण ते कबूल करणार नाहीत. एकदा एक फौजदारसाहेब आपल्या अर्धवट पॉलिश झालेल्या गाडीला टेकून उभे राहिले. मास्तरांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, पट्टा तरी काढा, नाहीतर गाडी तरी सोडा." साहेबांनी खरंच पट्टा काढला आणि काम संपेपर्यंत एका हाताने पँट धरून उभे राहिले. जाताना तेच सर्वांत जास्त हसत होते.

पण मास्तरांची खरी ओळख मला पटली ती मुलुंडच्या बर्व्यांच्या फियाटमुळे.

बर्व्यांचं औषधांचं दुकान. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी दुधी रंगाची फियाट नव्याने रंगवून घेतली होती. गाडी घरी आली त्याच संध्याकाळी त्यांच्या आईंनी, म्हणजे बर्वेआजींनी, तिची पूजा केली. नात याच गाडीतून सासरी जाणार, तेव्हा खूण टिकावी म्हणून हळद तेलात कालवली आणि बॉनेटवर बोटाने स्वस्तिक काढलं. रंग अजून पुरता वाळलेला नव्हता. हळद आत मुरली. बर्वे ती पुसायला गेले, तर पिवळा फराटा चहूकडे पसरला. मग घाबरून त्यांनी भांडी घासायची पावडर लावली, आणि त्या जागेचा रंगही खरवडला गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ते गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर आजी बसल्या होत्या, डोळे सुजलेले.

"मास्तर, सगळं साफ करा," बर्वे म्हणाले. "उद्या मुलीला यातूनच पाठवायचंय. मुलाकडचे लोक काय म्हणतील?"

आजी आतूनच म्हणाल्या, "मी नाही येत उद्या. माझ्या हाताने काढलेलं स्वस्तिक पुसलं गेलं. पोरीच्या लग्नात मी अपशकून घेऊन कशाला यायचं?"

मास्तरांनी तळहात फिरवला. एकदा, मग पुन्हा.

"बर्वेसाहेब, खरं सांगू? इथे रंग फारसा उरलेला नाही. मशीन लावलं तर पिवळं जाईल आणि अस्तर वर येईल. मी नाही लावणार."

"अहो, तुम्ही तर एवढे नावाजलेले!"

"म्हणून तर नाही लावणार."

मग ते गाडीचं दार उघडून आजींच्या समोर उकिडवे बसले. "आजी, तुमचं स्वस्तिक पुसलं गेलेलं नाही. आत गेलंय. बाहेर पसरलाय तो नुसता फराटा. मी फराटा काढतो, स्वस्तिक ठेवतो. चालेल?"

आजींनी मान डोलावली.

मास्तरांनी माझ्याकडून जुन्या मऊ मलमलीचे तुकडे मागून घेतले. चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या कापून स्वस्तिकाची एकेक रेघ झाकली. मशीन फक्त दूरवर, जिथे रंग जाड होता तिथे चाललं. जवळचं सगळं काम हाताने, एका बोटावर मलमल गुंडाळून, अगदी हलकं. दुपार कलेपर्यंत बर्वे येरझारा घालत होते आणि सारखे म्हणत होते, "जाईल ना? राहील ना?" त्यांना नेमकं काय हवंय ते त्यांनाच कळत नव्हतं बिचाऱ्यांना!

शेवटी पट्ट्या निघाल्या. आरशासारख्या बॉनेटवर फिकट, सायीत केशर उतरावं तसं स्वस्तिक. एक पाय थोडा वाकडा, जसा आजींच्या बोटाने आला होता तसाच. आजी गाडीतून उतरल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा पाय वाकडाच राहिला की!"

"तो मी सरळ नाही करणार हां," मास्तर म्हणाले. "तो तुमचा आहे."

आजी हसल्या, आणि मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्या लग्नाला गेल्या, आणि वरातीत त्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठसक्यात बसल्या. मुलाकडच्यांनी म्हणे विचारलं, असं सुंदर काम कोणाकडून करून घेतलं!

आजी आता नाहीत. फियाट मात्र दर दसऱ्याला आमच्या गल्लीत येते. बर्वे किल्ली हातात देतात आणि दरवर्षी एकच वाक्य बोलतात: "मास्तर, तेवढं सोडून." मास्तर हाताची पालथी बाजू त्या जागेवर हलकेच ठेवतात, जशी लहान मुलाचा ताप बघताना ठेवावी. या दसऱ्याला मी जवळच होते. त्यांनी हात उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आसा गो. अजून आसा."

मास्तर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, हात असाच जाणता राहो, गुडघे कुरकुर न करोत आणि तुमच्या घरी सुलोचनावहिनींच्या हातची काळ्या वाटाण्याची उसळ आम्हा गल्लीकरांना अशीच मिळत राहो. अजून पुष्कळ लिहिता आलं असतं. पण एका जागी फार वेळ घासू नये, हे तुमच्याकडूनच शिकले. तुमचाही एखादा पाय वाकडा आहेच. तो मी या लेखात सरळ केलेला नाही. तो तुमचा आहे.