दोनदा धुतलेलं उखळ

मिरची कांडायला आलेली बाई उखळापासून हलत नाही. तोंडाला पदर घट्ट बांधते, डोळ्यांतून धारा लागतात, तरी स्टूल पुढे ओढून बसते. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत जाऊ नये आणि डंकीवालीनं मूठभर मागे ठेवू नये, म्हणून हा पहारा. मला त्याचा राग यायचा हक्क नाही. पेठ गावात स्वतःची डंकी, म्हणजे मोटरीवरचं कांडपयंत्र, टाकण्याआधी मीही दुसरीच्या डंकीवर अशीच डोळे वटारून बसायचे आणि घरी येऊन सासूबाईंना सांगायचे, "त्या बाईचा हात बघा तुमी, सारखा उखळात. काय तरी हाय तिचं."

तिनं कधी काही ठेवलं असेल असं मला आजही सांगता येणार नाही. पण माझी डंकी सुरू झाली आणि माझा तोच आवाज माझ्याच डोक्यात मुक्कामाला आला. मूठभर मागे राहिली, चोर म्हणतील तुला. मिरची तापली, रंग उतरला. मोटर वेगळी वाजतेय, तुला ऐकू येत नाही का? तळेघरची ती बाई औंदा आली नाही, म्हणजे गेल्या साली नक्की काहीतरी बिघडलं होतं. आमच्या धंद्याची खोड अशी, की मसाला वर्षाचा असतो. तो टिकला की नाही याचं उत्तर पुढच्या चैत्रात मिळतं, तेही बाई परत आली तर. मधले अकरा महिने मी एकटीच स्वतःवर खटला चालवत बसते. नवरा म्हणायचा, "लई इचार करती तू." त्याचं बरोबर होतं आणि त्याचा उपयोग काही नव्हता.

सगळ्यात जास्त धास्ती मंचरच्या एका भाभींची. बाजारपेठेतलं जुनं जैन घर, किराण्याचं दुकान, आणि भाभींनी एक शब्द टाकला की दहा बायका माझ्याकडे यायच्या. त्यांना मसाल्यात कांदा-लसूण चालत नाही, आणि बाकी सगळ्यांचा मसाला तर लसणाशिवाय होतच नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी उखळ आणि मुसळ स्वच्छ धुऊन वाळवायचं आणि सकाळचा पहिला नंबर त्यांचा, हे ठरलेलं. या भाभी कधी बसत नसत. डबे ठेवायच्या, "ताई, तुम्ही आहात ना," म्हणायच्या आणि गावात बहिणीकडे निघून जायच्या. इतक्या गिऱ्हाइकांत न बसणाऱ्या त्या एकट्याच. मला खात्री होती, ही बाई मला पारखतेय. घरी गेल्यावर वजन करत असणार, चिमूट नाकाला लावत असणार.

एका वर्षी त्या यायच्या आदल्या संध्याकाळी मी उखळ धुतलं, पुसलं, पंखा लावून वाळवलं. सकाळी डोळे उघडायच्या आत आवाज आला, धुतलं का? धुतलं. मुसळाच्या टोकाला? तिथंही. नीट बघितलंस? मी उठले, उखळात वाकून वास घेतला, आणि लसणाचा वास आला. तो माझ्याच बोटांना होता. आदल्या रात्रीची चटणी मीच वाटली होती, पण हे सुचायला उशीर झाला. मी बादली आणली आणि सगळं पुन्हा धुतलं. फडक्यानं पुसते न पुसते तोच भाभींची रिक्षा दारात.

पहिला घाणा टाकला आणि मला कळलं. भुकटी उडेना. तळाला गोळे धरून बसली. उखळाच्या सांध्यात पाणी राहिलं होतं. ओल लागलेल्या मसाल्याला श्रावणात बुरशी येते, हे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. मी मोटर बंद केली. तेव्हा डोक्यातली ती पुन्हा बोलली. भाभी इथे नाहीत. पुढच्या कोरड्या घाण्यात मिसळून टाक, कोणाला कळतंय. इतकी वर्षं जी मला चोर म्हणत होती, तीच आता मला चोरी शिकवत होती. मला तिची शिसारी आली.

ओला घाणा बाजूला काढला, उखळ वाळवून बाकीचा मसाला कोरडा कांडला. भाभी आल्यावर मी ओला मसाला परातीत त्यांच्यापुढे ठेवला. "भाभी, ह्याला पानी लागलंय. माझ्याच हातानं. काल धुतलं व्हतं, सकाळी परत धुतलं."

"परत कशाला?"

"वास आल्यागत वाटलं."

त्यांनी चिमूट घेतली, बोटांत चोळली. "एवढा गच्चीवर वाळवते. कोरडा वेगळा भरा," म्हणाल्या. पुढच्या वर्षी येते, हे नेहमीचं वाक्य मात्र म्हणाल्या नाहीत. ते न म्हटलेलं वाक्य मी वर्षभर चघळलं.

चैत्रात त्या आल्या, पण एक दिवस आधी, संध्याकाळी, डब्यांशिवाय. स्टूल ओढलं आणि उखळासमोर बसल्या. मला वाटलं, संपलं. आता ह्यांचाही पहारा. लाज वाटली, रागही आला. मी धुतलं, पुसलं, पंखा लावला. उखळ पूर्ण कोरडं होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग उठल्या, आतून हात फिरवून पाहिला, पिशवीतून स्वतःचा धुतलेला पंचा काढून उखळावर पसरला आणि सुतळीनं गच्च बांधला.

"एकदा धुतलं. मी पाहिलं," त्या म्हणाल्या. "उद्या मी येईपर्यंत ही गाठ सोडायची नाही, ताई."

सकाळी डोळे उघडायच्या आत प्रश्न आलाच. मी उठून उखळापाशी गेले. बादली भरून ठेवलेली होती. गाठीवर बोट ठेवून तशीच उभी राहिले, पण सोडली नाही. भाभी आल्या, गाठ त्यांनीच सोडली, डबे माझ्या हातात दिले आणि न बसता बहिणीकडे निघून गेल्या.